भुवईवरची जखम

भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ संचारी भाव आहेत, त्यांतला एक औत्सुक्य. संचारी म्हणजे येऊन जाणारा. पाहुण्यानं चार दिवस राहून निघावं, तसा. १९७४ साली झाईरच्या किन्शासात मात्र हा पाहुणा निघायच्या तोंडावरच अडला आणि आणखी पाच आठवडे राहिला.

मुष्टियुद्धातल्या जगज्जेतेपदाची लढत २५ सप्टेंबरची ठरलेली. जगज्जेता जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा; ४० लढती, ४० विजय, त्यांतले ३७ नॉकआउट. ज्या फ्रेझर आणि नॉर्टननं मुहम्मद अलीला हरवलं होतं, त्या दोघांना त्यानं दोन-दोन फेऱ्यांत गुंडाळलेलं. अली ३२ वर्षांचा. तो जिवानिशी वाचला तरी पुरे, असं म्हणणारे पुष्कळ. दोघांना ५०-५० लाख डॉलर कबूल केले होते, झाईरचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीनं.

आणि १६ सप्टेंबरला सरावात जोडीदाराचं कोपर फोरमनच्या उजव्या डोळ्याच्या वर लागलं. भुवईखाली लगेच हाड, वर पातळ कातडी. तिथली जखम भरत आली तरी एका ठोशानं पुन्हा उकलते आणि रक्त थेट डोळ्यात उतरतं. सराव बंद. लढत ३० ऑक्टोबरवर गेली. लढतीला जोडून ठेवलेला संगीत महोत्सव मात्र ठरल्या दिवशीच झाला. बी. बी. किंग, जेम्स ब्राऊन, मिरियम मकेबा. वाजंत्री वाजवून गेले, लग्न लांबलं!

मग उरलं नुसतं थांबणं. फोरमन आपल्या अल्सेशियन कुत्र्यासह आलेला. तो पाहून लोकांना बेल्जियन अमलातले पोलिसी कुत्रे आठवले. फोरमनला इथून निघायचं होतं, नाइलाजानं राहिला. अलीचा मुक्काम काँगो नदीकाठी न्सेलेला. पहाटे धावायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा, पोरांशी खोटीखोटी ठोसेबाजी करायचा. दिवस दोघांनाही तेवढेच मिळाले. एकानं ते मोजले, दुसऱ्यानं ते वापरले.

अली या पाच आठवड्यांत जिंकला, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. दोरांना रेलून त्यानं जे ठोसे खाल्ले ते खरे होते, आणि आठव्या फेरीत फोरमनला आडवं केलं ते मुठीनंच. वाट पाहण्यानं कुणी पडत नाही. पण त्या दिवसांची छायाचित्रं आज निकाल ठाऊक असताना पाहिली, की फोरमनच्या चेहऱ्यावर हार आधीच दिसू लागते. तेव्हा तिथं होती ती फक्त एक पट्टी.

३० ऑक्टोबर. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची रात्र साधायची म्हणून किन्शासात पहाटे चारला लढत. अली आधी रिंगणात आला. फोरमन येईना. रिकाम्या रिंगणात एकटा अली, भोवती हजारो माणसं. त्यानं हात वर करून त्यांना इशारा केला आणि लिंगाला भाषेतला तो गजर उठला: अली, बोमा ये! अली, त्याला ठार मार! जगज्जेत्याचा अजून पत्ता नव्हता. शेवटची ही काही मिनिटंही त्यानं अलीला आयती दिली.