तुम्ही बसा, मी आणते

आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांवरचं प्रेम बहुतेक वेळा याच वाक्यातून बोलतं. मला हल्ली या वाक्याची भीती वाटते.

वयाबरोबर स्नायू झडतात आणि ताकद त्याहून वेगाने उतरते. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने याला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. बसून राहिलं की ही झीज वाढते, पण ती एकतर्फी नाही. १९९० साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या लोकांनी आठ आठवडे पायांनी वजन उचललं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. म्हणजे आपण प्रेमाने 'बसा' म्हणतो तेव्हा काहीतरी काढूनही घेत असतो.

व्हिएन्नात एक प्रयोग झाला. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अशक्त वृद्धांच्या घरी जात. एका गटाबरोबर ते व्यायाम करत, खाण्यापिण्याबद्दल बोलत. दुसऱ्या गटाला फक्त सोबत, गप्पा आणि डोक्याला चालना देणारे खेळ. हाताची पकड व्यायामवाल्यांचीच सुधारली. पण अशक्तपणाचं प्रमाण दोन्ही गटांत घटलं! मला तर हा दुसरा निकाल जास्त अस्वस्थ करतो. कुणीतरी ठरल्या वेळी दार वाजवणं, हेच औषध असेल तर ते घरच्यांकडून का मिळत नाही?

मला वाटतं, घरच्यांना थांबता येत नाही. आजी खुर्चीतून उठायला अर्धं मिनिट घेते, तेवढ्यात आपला हात तिच्या काखेत गेलेला असतो. त्यात माया असते, पडण्याची धास्ती असते, आणि खरं सांगायचं तर घाईही असते. परक्या माणसाची ती वेळ राखून ठेवलेली असते, म्हणून तो वाट पाहू शकतो.

पण आजीच 'नको' म्हणाली तर? जिने आयुष्यभर विहिरीचं पाणी ओढलं, तिला दहा वेळा ऊठबस करायला सांगणारे आपण कोण? थकण्याचा हक्क मला मान्य आहे. अडचण एवढीच की 'नको' हे 'दमले' असू शकतं, किंवा 'माझ्यापायी तुम्हाला त्रास नको' असंही असू शकतं. दोन्ही एकाच आवाजात येतात. पहिल्या भेटीत ते कळत नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत कदाचित कळेल. तोवर स्वयंसेवकाने खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी (हलकी प्लास्टिकची नको), हात पाठीमागे वीतभर अंतरावर धरावा आणि विचारावं, "आज करूया का, आजी?"