भरवशाची मोटार

मुलाने वा मुलीने अठरावे वर्ष ओलांडले आणि महाविद्यालय घरापासून दूर पडले, की पुष्कळ घरांतून मोटारीचा विषय निघू लागतो. बस व रेल्वे असताना मोटार हवीच का, हा खरे तर पहिला प्रश्न. तो विचारून झाला असे आपण धरून चालू. नवी मोटार परवडत नाही, आणि शिकाऊ हातांत नवी देऊही नये असे बहुधा सर्वांचेच मत पडते. मग जुन्या सेडान गाड्यांची चौकशी सुरू होते : डिझायर, अमेझ, थोडी ऐपत असल्यास सिटी. नागपूर असो, इंदूर असो की बंगळूर, प्रश्न मात्र एकच विचारला जातो, की गाडी भरवशाची आहे ना?

हा प्रश्न व्यवहाराचा म्हणून विचारला जातो. माझ्या मते तो नीतीचा आहे.

भरवसा हा शब्द आपण माणसाला लावतो तसाच यंत्रालाही लावतो. परंतु यंत्राला इच्छा नाही. ते वचन देत नाही आणि मोडीतही नाही. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीला आपण भरवशाची म्हणतो तेव्हा वस्तुतः आपण काही अनोळखी माणसांविषयी बोलत असतो : वेळच्या वेळी ऑइल बदलणारा पहिला मालक, झिजलेले ब्रेक पॅड "अजून थोडे चालतील" असे न म्हणणारा मेकॅनिक, आणि ठाऊक असलेले सांगणारा, अथवा न सांगणारा, विक्रेता.

म्हणून जुनी गाडी पाहणे ही एका अर्थी साक्षीदारांची उलटतपासणी होय. किलोमीटरचा आकडा हा त्यांतील सर्वांत बोलका आणि सर्वांत कमी विश्वासाचा साक्षीदार. तो मागे फिरविता येतो. ब्रेकच्या पेडलवरचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगवरची तुळतुळीत झालेली जागा मागे फिरविता येत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा. गाडी पुरात बुडालेली असेल तर धुऊनपुसून स्वच्छ केलेल्या बैठकींवर काही दिसत नाही, पण त्या टोकाशी वाळलेल्या गाळाचा डाग पुष्कळदा राहून जातो. डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीची जागा पाहावी. मागून जबर धडक बसली असल्यास पत्र्याच्या सुरकुत्या तेथे सापडतात. डिझायर असेल तर ती पूर्वी टॅक्सी होती का, हे नोंदणीच्या कागदांवरून खात्रीने विचारावे. आणि एक लहानसा दिवा अवश्य पाहावा. किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर संशय घ्यावा. अपघातात फुटलेली एअरबॅग पुन्हा न बसविता नुसता दिवा बंद करून टाकणारे लोक असतात. पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगणाऱ्याचा 'अनुवाद' या पुस्तकात निषेध केला आहे. (हे मोशेच्या ग्रंथाचे नाव, आम्हा भाषांतरकारांचा धंदा नव्हे.) किलोमीटरचा आकडा फिरविणारा मनुष्य त्या वजनांचाच वारसदार आहे.

येथवर आपण आपल्या खिशाचा आणि आपल्या लेकराचा विचार केला. बहुतेक आईवडील येथेच थांबतात. "पत्रा जाड हवा, गाडी जड हवी," असे म्हणतात. जड गाडीने आत बसलेल्याचे रक्षण होईलही. पण समोरून सायकलवर येणाऱ्याचे काय? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, आणि शंभरांत चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरची. गाडी घेताना आपण ज्यांचा सल्ला घेतला नाही, अशी ही माणसे.

त्याच 'अनुवाद' पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे, कोणी वरून पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येऊ नये म्हणून. मराठवाड्यातील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. पडणारा सावध होता की निष्काळजी, हे तो नियम विचारीत नाही. छप्पर ज्याचे, कठडा त्याने बांधावयाचा. मोटारीचा कठडा कोणता? उत्तम ब्रेक, चांगले टायर, नीट लागणारे दिवे, आणि एकदम ब्रेक दाबल्यावर चाके न अडकू देणारी ए.बी.एस. यंत्रणा. ए.बी.एस. आणि चालकापुढील एअरबॅग आपल्याकडे नव्या मोटारींना २०१९ सालापासून अनिवार्य झाल्या. त्यापूर्वीच्या स्वस्त प्रकारच्या गाड्यांत त्या असतीलच असे नाही. तेव्हा त्याच पैशांत झकपक चाकांची जुनी गाडी आणि साधीच पण या यंत्रणांची गाडी यांतून निवड करावी लागली, तर मुलाची आवड बाजूस ठेवावी. तो दोन दिवस रुसेल.

नोंदणीत नाव कोणाचे, हीदेखील निव्वळ कागदाची बाब नव्हे. गाडी विकली पण नोंदणी बदलली नाही, तर अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात नोंदणीतला मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. आणि अठराच्या आतल्या मुलाने मोटार चालवून गुन्हा केल्यास पालकाला अथवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, ही तरतूद २०१९ साली कायद्यात आली. मुलाने गाडी आपल्याला न कळत नेली, हे सिद्ध करण्याचा भारही त्यांच्यावरच. बैल मारका आहे हे ठाऊक असून त्याला मोकळा सोडणाऱ्या धन्याविषयी निर्गमातील नियम वाचला, तर या कायद्याचे नवल वाटणार नाही.

आता मुलाच्या हातांविषयी. निर्गमाच्या १७ व्या अध्यायात लढाई चालू असता मोशेचे हात जड होतात. अहरोन आणि हूर ते दोन बाजूंनी सावरून धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. या स्थिरपणासाठी मूळ हिब्रूत 'एमुना' हा शब्द आहे. हबक्कूकात नीतिमानाच्या विश्वासाबद्दल बोलताना तोच शब्द येतो. मराठीत दोन्ही ठिकाणी एका शब्दाने भागत नाही, ही आमची जुनी अडचण. परंतु त्या हातांचा स्थिरपणा एकट्याचा नव्हता, हे कोणत्याही भाषांतरात दिसते. परवाना मिळाल्यानंतर शेजारी कोणी बसलेच पाहिजे, अशी सक्ती कायदा करीत नाही. वडिलांनी किंवा आईने पहिले सहा महिने बसावे, रात्री आणि पावसात तर नक्कीच. न ओरडता बसावे. हे अधिक कठीण.

तीन-चार वर्षांनी ती गाडी विकावी लागेल, आणि कोणी अपरिचित बाप आपल्या मुलीला घेऊन पाहावयास येईल. मधल्या काळात झालेल्या अपघाताची, दुरुस्तीची, विम्याच्या दाव्याची कागदपत्रे त्याच्यापुढे ठेवावयाची की नाहीत, हे आज खरेदीच्या वेळीच मुलाच्या देखत ठरवावे, आणि त्यासाठी एक फाईल गाडीबरोबरच विकत आणावी.