एका लडीचे माप

मौल्यवान वस्तू विवेकी मनुष्याने वापरावी की न वापरावी, हा प्रश्न फार जुना आहे. त्यास सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, साध्याने भागत असता भारी वस्तू घेणे हा निव्वळ डौल होय. दुसरा म्हणतो, पैसा ज्याचा त्याचा. तो कसा खर्चावा हे इतरांनी का सांगावे? ह्या उत्तरांनी वाद मिटतो, पण विचार पुढे जात नाही. कारण दोघेही वस्तूची किंमत पाहतात, वस्तू पाहत नाहीत. म्हणून आम्ही वाचकांपुढे एक लहानसे उदाहरण ठेवितो: पश्मिना लोकरीची ५० ग्रॅमांची एक लड, आणि तिच्यापासून विणलेला, टोके नसलेला, गळ्याभोवती बसणारा एक साधा गोल गळपट्टा.

ही लोकर कोठून येते, ते प्रथम पाहू. लडाखच्या पूर्वेस चांगथांग नावाचे पठार आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून अधिक; हिवाळ्यात तेथील थंडी शून्याखाली ३० अंशांपर्यंत आणि कित्येकदा त्याहूनही खाली जाते. तेथे चांगपा नावाचे धनगर लोक शेळ्या, मेंढ्या व याक घेऊन कुरणामागून कुरण हिंडतात. त्यांच्या शेळ्यांच्या अंगावर वर राठ केस असतात आणि त्यांखाली थंडीपासून राखणारी मऊ लव असते. हीच पश्मिना. तिचा तंतू १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यांतील १२ ते १५ भाग, इतका बारीक असतो. माणसाचा केस त्याच्या कित्येक पट जाड भरतो. थंडी सरली म्हणजे ही लव आपोआप सुटू लागते, आणि धनगर ती फणीने विंचरून काढितो. एका शेळीपासून वर्षास सुमारे पाव किलो लव निघते. तिच्यातील राठ केस व माती वेगळी केली म्हणजे निम्म्याहूनही कमी उरते. तेव्हा ५० ग्रॅमांची लड म्हणजे एका शेळीच्या एका हिवाळ्याचा जवळजवळ अर्धा वाटा होय. दुकानात चिठ्ठीवर जो आकडा लिहिलेला असतो त्याच्या मागे हे दुसरे माप आहे, आणि तेच खरे माप आहे.

आता ही लड विणणाऱ्या बाईच्या हाती आली असे समजा. मध्यम जाडीच्या अशा लडीत सुमारे १०० मीटर धागा असतो. त्यात शाल होणार नाही, अंगरखा तर नाहीच. मन म्हणते, आणखी दोन लडी असत्या तर! पण लड एकच आहे. म्हणून ती बाई हिशेब करिते. १२० टाके घातले तर सुमारे ५५ सेंटिमीटरांचा घेर होतो. एका फेरीस साधारण पावणेदोन मीटर धागा लागतो. अशा ५० ते ५५ फेऱ्या विणल्या की वीतभराहून किंचित कमी उंचीचा पट्टा तयार होतो. टाके बंद करण्यास घेराच्या चौपट धागा बाजूस ठेवावा लागतो. तो न ठेविला तर शेवटच्या फेरीत धागा अपुरा पडून झालेले काम उसवावे लागते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण दारिद्र्याची म्हण समजतो. वस्तुतः ती मानाची म्हण आहे. जी वस्तू हाती आली तिच्यात काय होऊ शकते हे ओळखून तेवढेच करणे, हा त्या वस्तूचा मान होय.

मग एवढ्या भारी धाग्याचे विणकामही भारी का नसावे? ह्याचे कारण धाग्यातच आहे. पश्मिनेचे तंतू आखूड असतात. धागा वारंवार उसविला तर तो पिंजतो व अशक्त होतो. विणीवर बारीक लव उभी राहते, त्यामुळे नाजूक नक्षी असली तरी ती बरीचशी झाकली जाते. वेण्यांसारखी गुंतागुंतीची वीण धागाही अधिक खाते. म्हणून कडेला कड गुंडाळू नये एवढ्यापुरत्या उलट-सुलट टाक्यांच्या चार फेऱ्या, आणि मध्ये नुसते सुलट टाके, हेच ह्या लोकरीस शोभते. लाहौल प्रांतात केलांग येथे १८५६ च्या सुमारास मोरेवियन मिशनचे ठाणे झाले. तेथे मारिया हायडे ह्या मिशनरी बाईंनी पहाडी स्त्रियांस विणकाम शिकविले, आणि तेथील स्त्रिया आजही लोकरीचे मोजे विणतात. मोज्यातला सुलट टाका आणि पश्मिनेतला सुलट टाका ह्यांत काडीचाही फरक नाही. लोकर बदलली म्हणून हाताने गर्व करण्याचे कारण नाही, आणि मोजा विणतो म्हणून त्याने खाली पाहण्याचेही कारण नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण त्याच पैशात जाड लोकर घेऊन तिघांचे कान झाकता आले नसते काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळीत नाही. शेजारी कुडकुडत असेल तर आधी जाड लोकर घ्यावी. ह्यात दुसरे मत असू नये. परंतु त्यावरून स्वस्त तेवढे निर्दोष असे ठरत नाही. मंगोलियात १९९० नंतर ह्याच जातीच्या लोकरीची मागणी वाढली, तसे शेळ्यांचे कळप फार वाढले. शेळी गवत मुळाशी खाते, आणि तेथील पुष्कळ कुरणे उजाड होण्यास अतिचराई हे एक मोठे कारण झाले. जी वस्तू स्वभावतः थोडी, ती सर्वांस पुष्कळ व स्वस्त मिळावी असा हट्ट धरिला म्हणजे त्याचा भार कोठे तरी पडतोच. तो येथे भूमीवर पडला.

उलट, कितीही किंमत दिली तरी घेऊच नये अशीही लोकर आहे. शाहतूश ही तिबेटच्या पठारावरील चिरू नामक रानटी प्राण्याची लव होय. चिरूस धरून विंचरता येत नाही. लवेसाठी त्यास ठार मारितात. १९७९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. तेव्हा वस्तू भारी की हलकी, हा प्रश्न दुय्यम आहे. ती कोणी दिली, देणारा जिवंत राहिला काय, ज्या भूमीवर तो चरला ती भूमी राहिली काय, आणि ज्याने ती विंचरली त्यास मोबदला मिळाला काय, हे प्रश्न आधीचे आहेत. ह्यांस समाधानकारक उत्तर असेल, आणि घेणाऱ्याने आपल्या हाताखालच्या कोणाचे अडवून ती घेतली नसेल, तर एका लडीबद्दल त्यास दोष देण्यास आम्ही तयार नाही.

मात्र घेतल्यावर एक कर्तव्य उरते. पुष्कळ घरांत चांगली वस्तू पेटीत जाते आणि 'प्रसंगाला' म्हणून राखिता राखिता तिला कसर लागते. ज्या शेळीने ती लव थंडीसाठी वाढविली तिच्या अंगावर ती कामास येत होती. पेटीत ती कोणाच्याच कामाची नाही. तेव्हा, वाचकहो, चांगली वस्तू हाती आली तर ती वापरावी, रोज वापरावी, कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावी, सपाट पसरून वाळवावी. आणि गळपट्टा पुरा झाल्यावर लडीतला जो हातभर धागा उरेल तो टाकू नये. एका पुडीत बांधून ठेवावा. पुढे कोठे टाका तुटला तर तो सांधण्यास त्याच लडीचा धागा लागेल.