पाळी कुणाची?

कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीत जूनमध्ये ब्लूग्रास महोत्सव भरतो: बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार. १९७४ साली स्थापन झालेली कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशन तो स्वयंसेवकांच्या बळावर चालवते. स्टेजवर गाणं रंगलेलं असताना कुणीतरी गेटवर उभं असतं, बिनपगारी. ही सेवा की वेठबिगारी?

उत्तर त्याच संगीतात आहे. ब्लूग्रासमध्ये एकजण सोलो वाजवतो, तेव्हा बाकीचे आपला आवाज खाली आणतात. त्यात कमीपणा नसतो, कारण पुढची पाळी त्यांची असते. गेटवरचा माणूसही रात्री तंबूंमधल्या मैफलीत बँजो घेऊन बसू शकतो, तोवर ती सेवाच.

तुमच्या मंडळात खुर्च्या लावणारे दरवर्षी तेच आणि माइकही दरवर्षी त्याच हातात असेल, तर मात्र तिला सेवा म्हणू नका.