दाव्याची गाठ

आमच्या भागात बैलांना दोन बेंदूर मिळतात. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर आणि महिन्याभराने आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. निपाणीच्या आमच्या गल्लीत दोन्ही बेंदरांना पुरण शिजायचे ते एकट्या आक्काच्या घरी. आणि गंमत अशी की, तिच्या दारात बैल कधीच नव्हता. मोडक्या पायाचे एखादे वासरू, ट्रकची ठोकर बसलेले कुत्रे, म्हातारपणी कुणी सोडून दिलेली गाय, एवढेच तिचे गोधन. दोनदा सण कशाला, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, “सीमेचं भांडण माणसांचं. मुक्या जिवानं दोनदा पोळी खाल्ली, तर कुणाचं काय जातंय?”

आक्का म्हणजे माझी थोरली आत्या. ऐन तारुण्यात कुंकू पुसले गेले आणि ती माहेरी परतली. मांडीवर सूप घेऊन तिने जन्मभर विड्या वळल्या. त्या विड्यांवर दोन धाकट्या बहिणींची लग्ने झाली आणि माझे शिक्षण झाले. गल्लीत कुणी बाळंतीण अडली की पहिली हाक आक्काला. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू-शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा गल्लीतून भाकऱ्या गोळा करून नेणाऱ्या बायकांत ती पुढे होती. हे सगळे आधी सांगतो, कारण माणसांचा कंटाळा आला म्हणून ती जनावरांकडे वळली, असे कुणाला वाटू नये.

तरीही एक प्रश्न तिला आयुष्यभर ऐकावा लागला: “माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही कुत्र्याला भाकरी घालता?” खरे सांगायचे, तर हा प्रश्न सर्वांत आधी मी विचारला होता. मी तेव्हा नववीत होतो. माझ्या पुस्तकांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिने एका वासराचे औषध आणले. जखमेत किडे पडले होते. तिने टर्पेंटाइनचा बोळा लावून ते काढले, वर करंजाचे तेल लावले, मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. मी रागाने दोन दिवस जेवलो नाही. तिने समजूत घातली नाही. फक्त त्या महिन्यात तिच्या कंदिलाची वात रात्री फार उशिरापर्यंत जळत असे. पुस्तके आली, पण माझ्या वाट्याचे आधी दुसऱ्याला मिळाले, ही अढी मनात बरीच वर्षे राहिली.

या अढीमागचा हिशेब असा, की दया म्हणजे जणू टोपल्यातली भाकरी. एकाला दिली की दुसऱ्याला तेवढी कमी. पैशाच्या बाबतीत हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दयेचे तसे असते का? एकनाथांची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. अस्पृश्य मानलेल्यांच्या पंगतीला बसणारेही तेच एकनाथ. एकाच ओंजळीतून दोन्हीकडे पाणी गेले. आपल्या काळातले उदाहरण हेमलकशाचे. प्रकाश आमटे 1973 साली तिथे गेले ते माडिया आदिवासींच्या सेवेसाठी. शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू त्यांनी घरी आणले आणि दवाखान्याच्या शेजारी अनाथ प्राण्यांचे घर उभे राहिले. म्हणून दवाखान्यातली रुग्णसेवा थांबली नाही. 2008 मध्ये मंदाकिनीताई आणि प्रकाशभाऊंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही त्या लोकसेवेबद्दलच.

पण थोरामोठ्यांचे दाखले देऊन माझी अढी सुटली नव्हती. ती सुटली 2019 च्या ऑगस्टमध्ये. वेदगंगा पात्र सोडून बाहेर आली, यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढले. नदीकाठच्या एका गावात आक्काची धाकटी बहीण राहत होती. तिला आणायला आम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलो. आक्काची पंचाहत्तरी कधीच उलटली होती, तरी ती ट्रॉलीत चढून बसली. माणसे आदल्या रात्रीच निघाली होती. उरलेल्यांना आम्ही चढवून घेतले. पाणी गुडघ्याच्या वर आले आणि आक्का खाली उतरली. हातात विळा. शेजारच्या रिकाम्या घराच्या गोठ्यात तीन म्हशी बांधलेल्या होत्या.

मी ओरडलो, “आक्का, आधी माणसं!”

मागे वळून न बघता ती म्हणाली, “माणसं आपल्या पायानं निघाली. ही बांधलेली हाईत.”

भिजलेली गाठ सुटेना, म्हणून तिने दावी कापली. म्हशी पोहत चढाकडे निघून गेल्या. पलीकडच्या गोठ्यापर्यंत मात्र आम्हाला जाता आले नाही. पाणी ओसरल्यावर तिथे काय दिसले, ते सणासुदीला लिहीत नाही. दाव्याची गाठ तेवढी तशीच घट्ट होती.

त्या एका वाक्याने माझा जुना प्रश्नच मोडला. मी माणूस आणि जनावर अशी रेघ ओढत होतो. तिने मोकळा आणि बांधलेला अशी ओढली. ज्याच्या गळ्यात आपण दावे घातले, त्याची निसटण्याची वाट आपणच बंद केली; तेव्हा पूर आल्यावर ते सोडणे हा उपकार कसला? ते आपले देणे आहे. बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने 1789 सालच्या ग्रंथात म्हटले, की प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येते का, हे विचारू नका. त्याला दुःख होते का, एवढे विचारा. आपल्या घटनेतही 1976 पासून भूतदया हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ज्या भागात माणसाला आधी त्याची भाषा विचारली जाते, तिथे आपण तरी ही गोष्ट चटकन ओळखायला हवी. कण्हण्याला ना मराठी असते ना कन्नड.

आक्काच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. तिने पोसलेल्या एका कुत्र्याने गल्लीतल्या पोराला चावा घेतला. पोराच्या आईने दारात येऊन तोंडाला येईल ते सुनावले आणि ते रास्तच होते. आक्का खाली मान घालून ऐकत राहिली. मग त्या पोराला घेऊन प्रत्येक इंजेक्शनला स्वतः दवाखान्यात गेली. पुढे लस टोचल्याशिवाय आणि नसबंदी झाल्याशिवाय तिने दारात कुत्रे ठेवले नाही. पिसाळ रोग अंगात उमटल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे ती मग साऱ्या गल्लीला सांगत असे. दया करणाऱ्याने दयेचा हिशेबही द्यावा लागतो, हे ती त्या दारात शिकली.

2021 च्या थंडीत आक्का गेली. दिवसकार्य उरकून मी घराला कुलूप लावले आणि बेळगावला परतलो. तिचा म्हातारा कुत्रा उंबऱ्यापाशी बसलेला मी पाहिला होता. कोणीतरी बघेल, असे मनाशी म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण आक्कावर लिहायचे आणि हे वगळायचे, तर न लिहिलेले बरे.

महिन्याने कागदपत्रांसाठी गेलो, तर कुत्रा तिथेच. समोर जर्मनची थाळी, थाळीत दूध-भाकरी. समोरच्या घरातल्या कानडी वहिनी बाहेर आल्या. “बा, बा,” म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या मराठीत मला म्हणाल्या, “आक्का गेल्या, म्हणून त्याची भूक गेली काय हो, सर?”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. आक्काचे घर माझ्या वाट्याला आले होते, भांडी आली होती. तिने रोजच्या भाकरीने बांधलेला एक जीवही आला होता, आणि ती गाठ मी मोजलीच नव्हती. वारसा म्हणजे नुसता सातबारा नव्हे. गेलेल्या माणसाचा जीव जिथे जिथे गुंतला होता, त्या गाठीही आपल्याकडे येतात.

कुत्र्याला मी बेळगावला आणले. तो दोन वर्षे जगला. यंदा वसुबारसेला गाय शोधत लांब जाणार नाही. कोपऱ्यावर एक भाकड गाय रोज उभी असते. तिच्या गळ्यात तुटलेल्या दाव्याचा तुकडा अजून लोंबतो आहे.