निषादावरून षड्ज

यमनात निषादाच्या पडद्यावर बोट ठेवून तार ओढायची आणि षड्जाला जाऊन थांबायचं. सतारीवरची ही अगदी साधी मींड. पडदा निषादाचा, षड्ज मात्र बोटानं आणि कानानं मिळून शोधायचा. माझा षड्ज बहुतेक वेळा केसभर खाली राहतो. ते मला ऐकू येतं. लागला असता तर तरफेतली षड्जाची तार न छेडता बोलली असती. ती गप्प असते. सगळं कळत असूनही मी पुढच्या स्वरावर का जातो, हे आज स्वतःला विचारायचं आहे.

बोटाचं कारण आता चालणार नाही. निवृत्तीनंतर चंदीगडच्या सेक्टर 43 मधल्या घरी सतार गवसणीतून पुन्हा काढली, तेव्हा तार तर्जनीत रुतायची. आता घट्टे पडले आहेत. इथल्या थंडीत बोटं आखडतात, पावसाळ्यात तरफा सारख्या उतरतात, हे खरं. पण षड्ज खाली राहतो तो मी तिथं थांबून पुन्हा ओढत नाही म्हणून. पुन्हा ओढलं की संध्याकाळची गोडी मोडते. मग मी सतारीकडे सुरासाठी जातो की जीव रमवायला? दोन्हींसाठी, असं म्हणता येईल. पण ते उत्तर फार सोयीचं आहे.

इथल्या बस अड्ड्यावरून जालंधरची गाडी मिळते. तिथं 1875 पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरत आलं आहे. डिसेंबरच्या कडाक्यात माणसं शाली पांघरून रात्री उशिरापर्यंत ऐकतात. तिथून परतताना ‘ते कुठं, आपण कुठं’ असं म्हणून मी स्वतःला सोडून देतो. याला मी नम्रता समजत आलो. पण त्या कलावंतांची बरोबरी माझ्याकडून मागितली आहे कुणी? एका षड्जाशी थांबायला कसली तयारी लागते?

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर याच पंजाबात आले, हरिवल्लभला गायले, आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर न विसंबता, लोकांच्या मदतीवर. स्वरलिपी, छापील पुस्तकं, ठरलेला अभ्यासक्रम. ज्या घरात गाणं-बजावणं नव्हतं तिथल्या मुलांना शिकायची वाट त्यातून मोकळी झाली. मीही त्याच वाटेनं शिकलो. सामान्यांचा सूर कच्चा असला तरी चालेल, असं त्यांनी कधी मानलं असेल का? हा प्रश्न मला टोचतो, आणि टोचायलाच हवा.

फोनवर सूर दाखवणारं अॅप आहे. वाजवताना मी ते बंद ठेवतो. कान तयार व्हावा म्हणून, असं घरी सांगतो. खरं कारण असं, की त्यातला काटा माझी भीड ठेवत नाही.

यंदा गणेशोत्सवात वाजवाल का, असा इथल्या मराठी मंडळींचा निरोप आला आणि मन लगेच हो म्हणालं. माणसं आपली आहेत. उणं जाणवलं तरी कौतुकच करतील. त्यांच्या या भलेपणाच्या आधारावर यमन वाजवायचा, हे मनाला पटत नाही. गत, झाला सगळं बाजूला ठेवून सध्या निषादावरून षड्ज एवढंच घेतो आहे. कान नाही म्हणाला की पुन्हा. निरोपाचं उत्तर अजून दिलेलं नाही. हा निरोप आलाच नसता तर मी असा बसलो असतो का? होय, असं आज तरी छातीठोकपणे सांगता येत नाही.