समजीविता आणि शेषान्न

अन्न नेमके मोजून शिजवावे की चार घास जास्तच शिजवावेत, हा प्रश्न वरवर पाहता किराण्याच्या हिशेबाचा वाटत असला, तरी भारतीय धर्मविचारात तो फार जुना असून त्यात दोन कर्तव्ये एकमेकांसमोर उभी राहतात. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये म्हणून घरात काही शिल्लक असावे, अशी अतिथिधर्माची अपेक्षा आहे. तर अन्नाला ब्रह्म मानणारी तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली अन्नाची निंदा आणि अव्हेर या दोन्हींना मनाई करते. भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला वेगळी धार येते, कारण येथील मुख्य अन्न भात आहे आणि शिजलेला भात, विशेषतः उन्हाळ्यात, एका रात्रीपलीकडे टिकत नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानपट्ट्यात घराचा अर्थसंकल्प पूर्वापार रुपयांआधी धान्यात मांडला गेला. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे मालगुजारी म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखल्या गेलेल्या जलाशयांच्या भरवशावर पिकलेले धान घरी आले, की वर्षभर खाण्यापुरते आधी बाजूला काढायचे, उरलेले विकायचे आणि त्या पैशांतून तेल, मीठ, डाळ, मिरची आठवडी बाजारातून आणायची, अशी ती रीत आहे. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांचा आधार रेशनचे दुकान: २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. भुकेच्या दृष्टीने ही व्यवस्था मोलाची आहे यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे महिन्याचा हिशेब तांदळाशी न अडता डाळ, तेल आणि भाजीपाशी अडू लागला, आणि ज्याचे पैसे मोजावे लागत नाहीत ते टाकताना हात आखडत नाही, ही अडचण धर्मचिंतकाने नजरेआड करू नये.

या हिशेबाचा सर्वांत नेमका विचार बौद्ध परंपरेत सापडतो आणि तो भंडाऱ्याला परका नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे झाले, आणि १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेली असंख्य कुटुंबे आज याच जिल्ह्यात नांदतात. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ बुद्धांना सरळ सांगतो, की आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे आहोत, तेव्हा आम्हाला झेपेल असा धर्म सांगावा. त्याला मिळालेल्या उत्तरातील चौथा गुण म्हणजे समजीविता: आपली आवक आणि जावक जाणून, फार उधळेपणाने नाही आणि फार चिकटपणानेही नाही, असे जगणे. आवक थोडी असून ऐसपैस जगणाऱ्याला तेथे उंबरे खाणाऱ्याची उपमा दिली आहे, म्हणजे जो चार फळांसाठी झाड गदागदा हलवतो आणि खाली पडलेला सडा तसाच टाकून जातो. आणि भरपूर असूनही पोटाला चिमटा घेणारा अनाथासारखा मरेल, असे म्हटले आहे. संन्याशाच्या त्यागाचा येथे संबंध नाही. काटकसर आणि कृपणता यांतील सीमारेषा बुद्धांनी गृहस्थाच्या चुलीपाशीच आखली, हे या उपदेशाचे मोठेपण होय.

वैदिक परंपरेने हाच प्रश्न उरलेल्या अन्नाच्या बाजूने हाताळला. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर या पाच ठिकाणी गृहस्थाकडून नकळत जीवहत्या होते. तिच्या परिमार्जनासाठी देव, पितर, भूतमात्र, मनुष्य आणि वेदाध्ययन यांना उद्देशून रोजचे पाच महायज्ञ सांगितले गेले, आणि सर्वांना वाटून जे राहते त्याला ‘विघस’ अशी संज्ञा मिळाली. या व्यवस्थेत जास्तीच्या घासांचा धनी जेवणाआधीच ठरलेला असतो. म्हणून मोजून शिजवणे आणि अतिथीसाठी राखणे यांत मुळात विरोध नाही. अतिथीचा वाटा मापात धरलेला असतो. वाया जाते ते, ज्याचा धनी कोणीच ठरवला नाही असे अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता.

शिळ्या अन्नाचा मुद्दा अधिक अवघड आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेले अन्न तामस प्रकृतीच्या माणसाला प्रिय असते असे म्हटले आहे, तर मनुस्मृतीने जव, गहू आणि दूध यांपासून केलेल्या पदार्थांना सवलत देताना भाताचे नाव घेतलेले नाही. झाडीपट्टीतील, म्हणजे याच धानपट्ट्यातील, कष्टकऱ्याने मात्र रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खाल्ला, आणि त्याच्या या आचरणात अन्नाविषयीचा आदर ग्रंथातील निषेधापेक्षा कमी नाही. अर्थात उकाड्यात उघडा राहिलेला भात विषारीही होऊ शकतो व काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तेव्हा शिळे खाऊन पुण्य जोडण्यापेक्षा सायंकाळचे माप कमी घेणे हेच खरे व्रत.

हे माप घेताना घरातील एक ताट हमखास विसरले जाते. अतिथी, कुटुंबीय आणि सेवक जेवल्यावर उरलेले पतिपत्नी दोघांनी खावे, असे मनुस्मृती सांगते. प्रत्यक्षात पती पहिल्या पंगतीला बसू लागला आणि पातेल्याचा तळ एकट्या पत्नीच्या वाट्याला आला. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या घरात काहीच वाया जात नाही असे दिसते, तेव्हा पुष्कळदा कमी पडलेले आणि शिळे झालेले या दोन्हींचा भार तिनेच उचललेला असतो, आणि तिच्या पोटावर साधलेल्या बचतीला समजीविता म्हणता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण सर्वांत शेवटी वाढून घेतलेल्या ताटात भात असला तरी डाळ आणि भाजी क्वचितच उरते.